भोगी कुणाच्या हातची? घरातले खायचे दिवस आणि फोनमधले 'डे'

(भागाचा लेखी मजकूर. बोलताना मध्ये आलेले 'अं... म्हणजे...' आणि शेजारच्यांचा कोंबडा काढून टाकलाय. बाकी जसंच्या तसं.)

जिंतूरहून बोलतोय. हेडफोन लावून एसटीत बसला असाल, पुण्यात हॉस्टेलच्या कॉटवर पडला असाल, नाहीतर मोटर चालू करून बांधावर बसला असाल, आजचा भाग तुमच्यासाठीच आहे. विषय खायचा आहे. त्यामुळं उपाशीपोटी ऐकू नका, एवढं आधीच सांगून ठेवतो.

सकाळी फोन उघडला की कुठला ना कुठला 'डे' असतोच. १० फेब्रुवारीला डाळींचा डे, ३० मार्चला इडली डे, २१ मेला चहाचा डे. मागोमाग जेवण पोचवणाऱ्या ॲपचं कूपन. ते कूपन आपल्या गावात चालो न चालो, मेसेज मात्र येतोच. आपण स्टेटस टाकतो आणि दुपारी घरी जे असेल ते जेवतो. दिवस संपला. मग प्रश्न पडतो की ह्यात साजरं काय झालं?

आणि दुसरीकडं आपल्या घरात वर्षभर खायचे दिवस चालूच असतात. भोगी, पोळा, महालक्ष्म्या, धोंड्याचा महिना. त्यांना कूपन नाही, हॅशटॅग नाही. भोगीला आता आठवडाच राहिलाय, म्हणून आज हे दोन्ही एकमेकांच्या शेजारी ठेवून बघू. घरातल्या दिवसांत मजा कशी आणायची, आणि फोनमधल्या दिवसांतलं काय उचलण्यासारखं आहे, हे बोलू.

आधी फोनमधले. सगळे 'डे' एका माळेचे मणी नाहीत बरं का. काही खरोखर संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेले आहेत. डाळींचा दिवस तसा. २०१६ हे त्यांचं आंतरराष्ट्रीय डाळ वर्ष होतं, मग २०१८ मध्ये ठराव झाला आणि २०१९ पासून १० फेब्रुवारी हा जागतिक डाळ दिवस झाला. १६ ऑक्टोबरचा अन्न दिवस त्यांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या स्थापनेचा, ती १९४५ ची. १५ मे हा कुटुंबांचा आंतरराष्ट्रीय दिवस, १९९३ साली ठरलेला. इडली डे मात्र चेन्नईच्या एका केटरिंगवाल्यानं २०१५ मध्ये सुरू केला. त्यात वाईट काहीच नाही, इडली आहेच तशी. पण कुठला दिवस कुठून आला हे माहीत असलेलं बरं. निदान 'परंपरा' म्हणून फॉरवर्ड करण्याआधी.

मी एक साधी कसोटी लावतो. त्या दिवसाचा जिन्नस त्या वेळी आपल्या बाजारात, आपल्या रानात असतो का? डाळींच्या दिवसाचं बघा. १० फेब्रुवारीला आपल्याकडं तुरीची रास नुकतीच घरात आलेली असते, हरभऱ्याला घाटे भरलेले असतात. म्हणजे तो दिवस न्यूयॉर्कमध्ये ठरला तरी जिंतूरला फिट बसतो! त्या दिवशी नव्या तुरीची डाळ शिजवा, एका वाटीत मागच्या वर्षीची जुनी डाळ शिजवा, आणि डोळे मिटून घरातल्यांना ओळखायला लावा. किंवा टहाळ आणून हुळा भाजा. खर्च किती? पेंडीभर हरभरा आणि थोडं जळण. हात काळे, तोंड काळं, पोरं खूश. आता चॉकलेट डेला आपल्या रानात काय असतं सांगा.

भोगी

आता मुद्द्यावर येऊ. संक्रांतीच्या आदला दिवस भोगी. बहुतेक वर्षी १३ जानेवारी, कधी १४. भोगीला काय करायचं हे कुणाला शिकवायची गरज नाही: बाजरीची तीळ लावलेली भाकरी, लोणी, मुगाच्या डाळीची खिचडी आणि ती भाजी. कुणी भोगीची भाजी म्हणतं, कुणी खेंगट, कुणी लेकुरवाळी भाजी. लेकुरवाळी का, तर एका भाजीच्या पोटात बाकी सगळ्या भाज्या लेकरांसारख्या. हरभऱ्याचे सोलाणे, तुरीचे दाणे, वालाच्या शेंगा, पावटा, वांगी, गाजर, ओला भुईमूग मिळाला तर तो, बोरं, वरून तिळाचा कूट. नाव मोठं गोड आहे.

ही यादी कुणी पुस्तकात बसून लिहिलेली नाही. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्या रानात जे जे उभं असतं ते सगळं एका भांड्यात, एवढाच नियम. म्हणून कोकणातली भोगी आणि जिंतूरची भोगी एकसारखी लागणार नाही, लागूही नये. बाजरी आणि तीळ का, तर दोन्ही अंगात ऊब धरणारे असं आपल्याकडं मानतात, आणि तिळात तेल भरपूर. थंडीच्या दिवसांत तोंड फुटतं, पायाला भेगा पडतात, तेव्हा स्निग्ध खावं हे आज्ज्यांचं गणित होतं. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय तृणधान्य वर्ष होतं. त्या वर्षी आपल्या राज्याच्या कृषी विभागानं भोगीचा दिवस 'पौष्टिक तृणधान्य दिन' म्हणून साजरा करायचं ठरवलं. म्हणजे बघा, सरकारनंही 'डे' ठेवला तो आपल्या जुन्याच दिवसावर.

मग ह्यात आपण मजा काय आणायची? पहिला खेळ: भाजी वाटून घ्या. घरात आठ माणसं असतील तर आठ जिन्नस, चिठ्ठ्या टाकून. ज्याच्या नावावर वांगी, त्यानं वांगी आणायची. ज्याच्या नावावर बोरं, त्यानं बोरं. अट एकच, ज्याचा जिन्नस त्यानंच निवडायचा, सोलायचा, चिरायचा. नुसती पिशवी आणून ओट्यावर आपटली तर गुण शून्य. तुरीच्या शेंगा ज्याला येतील त्याचं नशीब. किलोभर शेंगा सोलून वाटीभर दाणे निघतात आणि नखं हिरवी होतात. ज्याला चिठ्ठी मिळाली नाही त्यानं तीळ भाजून कुटायचे. लहान लेकरांना बोरं द्या. अर्धी वाटेत संपतील, हे धरूनच जास्तीची सांगा.

दुसरा खेळ माझ्या आवडीचा. भाकरीची स्पर्धा. आणि ह्यात घरातल्या गड्यांनीच उतरायचं. बायकांनी परीक्षक व्हायचं. बसून.

हसू नका. बाजरीची भाकरी का तुटते हे एकदा समजलं की ती जमते. गव्हाच्या कणकेत चिवटपणा असतो, ग्लूटेनमुळं. पोळी लाटली की ताणली जाते. बाजरीत, ज्वारीत ते नाही. मग पीठ एकमेकांना धरणार कशानं? कढत पाण्यानं. कढत पाणी पडलं की पिठातला स्टार्च थोडा शिजतो, चिकट होतो, आणि तोच पिठाला धरून ठेवतो. म्हणून पीठ काटवटीत घ्यायचं, मध्ये आळं करायचं, कढत पाणी ओतायचं, आधी उलथन्यानं हलवायचं आणि मग हात सोसवेल तसं तळव्याच्या टाचेनं रगडायचं. जितकं मळाल तितकी भाकरी कडेला कमी चिरेल. एका भाकरीपुरतंच पीठ एका वेळी मळा, पाच भाकरीचं एकदम मळून ठेवलं की शेवटच्या दोन गेल्याच म्हणून समजा.

पीठ ताजं पाहिजे. बाजरीत गव्हा-ज्वारीपेक्षा तेल जास्त असतं, दळलं की ते हवेला उघडं पडतं आणि थोड्याच दिवसांत पीठ कडवट होतं. 'बाजरी मला आवडत नाही' म्हणणाऱ्या कितीतरी पोरांनी आयुष्यात ताज्या पिठाची बाजरी खाल्लेलीच नसते. तर भोगीच्या आदल्या संध्याकाळी गिरणीवर जायचं. हे कामही चिठ्ठीत टाका.

थापताना ताटलीत पीठ पसरा, तीळ पेरा, वरून हलक्या हातानं फिरवत थापा. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर. वरून लगेच पाण्याचा हात फिरवायचा. ते पाणी सुकत आलं की उलटायची, जरा शेकू द्यायची आणि शेवटी जाळावर किंवा गॅसवर धरायची. आतल्या पाण्याची वाफ होते, वर-खालचा पापुद्रा सुटतो, भाकरी फुगते. फुगली तर दहा गुण. फुगून एका बाजूनं फुस्स झाली तर सहा. तव्यावरच भारताचा नकाशा झाला तर दोन, आणि तो नकाशा बनवणाऱ्यानंच खायचा.

हे गड्यांच्याच गळ्यात का घालतोय

कारण खेळ आहे हे खरं, पण मागं एक हिशोबही आहे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. कोण दिवसाची किती मिनिटं कशात घालवतं, असं. घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, बिनपगारी. गड्यांमध्ये जे काही करत होते त्यांची ९७ मिनिटं. म्हणजे इकडं पाच तास, तिकडं दीड तासाच्या वर थोडं. आणि हा साधा दिवस. सणाचा दिवस धरा. पुरणाचा दिवस धरा. महालक्ष्म्यांचा दिवस धरा, सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या, फुलोरा, पन्नास पानं, आणि हे सगळं सोवळ्यात. आपल्याला त्या दिवसाचं काय आठवतं? जेवून झोप आली ते. आईला काय आठवत असेल?

'खायचा दिवस' म्हटलं की खाणारे आणि करणारे असे दोन तट पडतात. मजा एका तटाला येते. म्हणून नवे दिवस शोधायच्या आधी जुन्याच दिवसात हा तट मोडता येतो का, हे बघण्यात मला जास्त रस आहे. एखादी मावशी म्हणेल, 'जा बाबा, तू नुसता पसारा करशील.' करू द्या पसारा. आवरायचंही आपणच. भाकरी स्पर्धेच्या नियमात काटवट घासणं येतंच, आणि तव्याखालचा सांडलेला कोंडा पुसणंही येतं.

शेजारची येळवस

ह्या बाबतीत आपले शेजारी आपल्यापेक्षा पुढं आहेत. लातूर-धाराशिवकडं आणि परभणी, नांदेड, बीडच्या काही भागांत मार्गशीर्ष अमावस्येला वेळ अमावस्या करतात. बोलताना येळवस. त्या दिवशी लातूर शहरातले रस्ते ओस पडतात, कारण अख्खं शहर शेतात गेलेलं असतं. लातूरला जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करतात, पूजा होते आणि मग जेवण. ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि 'भज्जी'. ही भज्जी म्हणजे तेलात तळायची भजी नव्हे. शेंगा, दाणे, पालेभाज्या, बेसन असं सगळं एकत्र शिजवलेलं घट्ट कालवण. आपल्या भोगीच्या भाजीची सख्खी बहीणच.

मला त्यातलं सगळ्यात काय आवडतं, तर ज्याला शेत नाही त्यालाही बोलावणं असतं. ऑफिसातला साहेब, शाळेतले सर, भाड्यानं राहणारे, सगळे कुणाच्या ना कुणाच्या शेतात. ओळखीचा एक माणूस मिळाला की पुरतं. पोरांसाठी झाडाला झोका बांधलेला असतो. फोनला रेंज नसली तरी कुणाचं काही अडत नाही.

पण खरं सांगायचं तर तिथंही बायका आदल्या रात्री जागतात, मध्यरात्रीपासून चुली पेटतात. जागा बदलली, काम तिथंच राहिलं. म्हणून येळवसीतलं 'चला शेतात' आणि 'या सगळे' एवढं उचला, आणि रात्रीच्या कामात आपला हात घाला.

जिंतूरकरांना जागा कमी नाहीत. स्वतःचं शेत असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर मित्राचं. येलदरीकडं धरणाच्या बाजूला जाणारे जातातच. पाण्याच्या कडेला लेकरांकडं लक्ष ठेवा, तेवढं मस्करीत घेऊ नका. नेमगिरीला डबा घेऊन जायचं असेल तर ते जैनांचं क्षेत्र आहे हे ध्यानात ठेवून डबा भरा, आणि कागद-पत्रावळी परत घेऊन या. कार्तिकात आवळी भोजन म्हणून एक जुनी रीत आहेच. आवळ्याच्या झाडाखाली बसून जेवायचं. किती सोपं! हॉटेलात टेबल राखून ठेवायला नको, झाड ओळखता आलं पाहिजे फक्त.

हुरड्याचंही तसंच. आता पैसे भरून हुरडा पार्ट्या निघाल्या आहेत. शहरातल्यांनी जरूर जावं, शेतकऱ्याला चार पैसे मिळतात. पण आपल्या घरचं रान असताना तिकीट काढून हुरडा खायचा म्हणजे जरा गंमतच. हुरडा गोड का लागतो माहितीये? ज्वारीचा दाणा दुधातून चिकात येतो तेव्हा त्यातली साखर अजून सगळी पिठात बदललेली नसते. आठ-दहा दिवसांचा खेळ. उशीर केला की दाणा टणक झाला, संपलं. म्हणून हुरड्याला कॅलेंडरवर तारीख देता येत नाही. तारीख कणीसच देतं. घरातल्या कुणालातरी फोन करून विचारावं लागतं, 'दादा, दाणा कसा आहे?' मला तर वाटतं हुरड्याचा निम्मा सण त्या फोनमध्ये आहे. परभणीच्या आपल्या कृषी विद्यापीठानं खास हुरड्यासाठीचं वाणही काढलंय, परभणी वसंत म्हणून. आणि ज्यात लोह आणि जस्त जास्त आहे असं 'परभणी शक्ती' हे ज्वारीचं वाणही तिथलंच. आपल्या जिल्ह्याचं नाव कणसाला आहे, ह्यावर एक स्टेटस टाकायला हरकत नाही.

मदर्स डे आणि कुरडया

मे महिन्याचा दुसरा रविवार. सगळ्यांचे डीपी बदलतात. हा दिवस अमेरिकेतल्या ॲना जार्विस ह्या बाईंमुळं सुरू झाला. त्यांची आई १९०५ साली गेली. १९०८ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टन गावी आईच्या आठवणीत प्रार्थना ठेवली, आणि १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी तो देशाचा दिवस केला. पुढची गोष्ट कुणी सांगत नाही. फुलवाले, मिठाईवाले, कार्डवाले ह्यांनी त्या दिवसाचा बाजार केला म्हणून ह्याच ॲनाबाई उरलेलं आयुष्य त्या बाजाराविरुद्ध भांडत राहिल्या. छापील कार्डाचा त्यांना भारी राग. आईला स्वतःच्या हातानं पत्र लिहा, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता मेच्या दुसऱ्या रविवारी जिंतूरच्या गच्चीवर काय चाललेलं असतं? वाळवण. कुरडया, पापड, शेवया, खारोड्या. तीन दिवस भिजवलेला गहू वाटून, त्याचं सत्त्व काढून, पहाटे उठून चीक शिजवायचा. चीक हाटायला दंडात जोर लागतो. मोठं पातेलं, जाड दांडा आणि खाली गुठळी होऊ द्यायची नाही. जिमची फी भरणाऱ्यांनी एकदा चीक हाटून बघावा. साचा फिरवायलाही तेवढाच जोर. ह्या कामाला आजवर शेजारच्या चार बायका येतात, त्यांच्या कामाला आपली आई जाते. पोरं फक्त वाटीत गरम चीक, दूध, साखर घेऊन पळतात.

मग मदर्स डेला केक कशाला? चीक हाटा. ऊन चढायच्या आत साडी अंथरा, साचा फिरवा, कावळे हाकला. संध्याकाळी वाळलेलं गोळा करा. आई म्हणेल, 'आज काय झालंय तुला?' सांगा, डे आहे.

आणि दुसरं, पत्राचं काम आपला फोन करू शकतो. आज्जीला बोलतं करा आणि रेकॉर्ड करा. हे मी मनापासून सांगतोय. माझ्या फोनमध्ये आज्जीच्या आवाजातला अकरा मिनिटांचा तुकडा आहे, ज्वारीच्या पिठाच्या शेंगोळ्यांचा. तो असा चालू होतो:

'आज्जी, मीठ किती घालायचं?'

'चवीपुरतं.'

'म्हणजे किती?'

'अरे, चव कळंल इतकं. तुला चव कळत न्हाई का?'

आज्जीला जाऊन तीन वर्षं झाली. शेंगोळे आता आई करते, काकू करते, कुणाचेही तसे होत नाहीत. पण त्या तुकड्यात मागं लसूण ठेचल्याचा आवाज आहे, आणि पाण्याला आधण आलं की आज्जी बोलायची थांबते. ती कुठं थांबते हे ऐकून मला कळलं की शेंगोळे उकळत्या पाण्यातच सोडायचे, आणि एकदम नाही, चार-चार. हे तिनं शब्दांत कुठंच सांगितलेलं नाही.

तर रेकॉर्ड कसं करायचं, कामाचं सांगतो. फोन ओट्यावर नको, वाफ आणि पाणी. कोनाड्यात किंवा डब्यांच्या फळीवर, तोंडापासून हातभर अंतरावर ठेवा. पंखा बंद. 'किती' विचारू नका, उत्तर 'अंदाजानं' असंच येणार. 'झालं हे कशावरून ओळखायचं?' असं विचारा. मग उत्तरं येतात: वास सुटला की, बुडबुडे मोठे झाले की, उलथनं जड लागलं की. माप पाहिजेच असेल तर आज्जीनं मूठ भरली की ती मूठ आधी वाटीत ओतून घ्या आणि वाटी मोजा. तिला थांबवू नका. फाईलला नाव, पदार्थ, तारीख लिहा आणि घरातल्या तिघांना तरी पाठवून ठेवा. फोन हरवतात.

१५ मेचा कुटुंब दिवस आहे ना, तो मी ह्या कामासाठी ठेवलाय. एका वर्षी एक पदार्थ. घाई नाही. अर्थात आज्जी थकलेली असेल तर १५ मेची वाट बघू नका.

धोंड्याच्या महिन्याबद्दल थोडक्यात. साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक महिना येतो. २०२३ ला अधिक श्रावण होता, २०२६ ला अधिक ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून. लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, तेहतीस अनारसे द्यायचे. खायला मस्तच. पण पुढं कपडे, चांदीचं ताट, अंगठी असं वाढत जातं आणि लेकीच्या बापाला घाम फुटतो. माझा जावई मंडळींना प्रस्ताव आहे: धोंडे खायला जरूर जा, पण अनारशाची एक घाणी स्वतः तळून बघा. तांदूळ तीन दिवस भिजवलेला, गुळात मुरवलेलं पीठ, एका बाजूला खसखस, आणि जरा चुकलं की अनारसा कढईतच हसतो, म्हणजे विरघळतो. सासूबाईंसमोर अनारसा हसला की पुढची दहा वर्षं घरात विषय पुरतो. ही चांदीपेक्षा टिकाऊ भेट आहे.

भांड्यांचं एक राहिलं. आपल्याकडं शेजारच्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत. ईदला शीरखुर्म्याचा डबा येतो, तो धुऊन परत जाताना त्यात निदान चमचाभर साखर तरी असते. बुद्ध पौर्णिमेला खीर येते, संक्रांतीला आपल्याकडून तिळाची पोळी जाते. ह्यावरनंही एक दिवस करता येतो. फडताळातले दुसऱ्यांचे डबे शोधा. प्रत्येक घरात पाच-सहा असतातच, झाकणावर नेलपॉलिशनं नाव घातलेले. एका संध्याकाळी सगळे भरून ज्याचे त्याला पोचवा. त्या घरी आपलेही दोन सापडतील, हे मी पैजेवर सांगतो.

आता बाहेरगावी असणाऱ्यांचं. 'आमच्या खोलीत एक इंडक्शन आणि एक पातेलं आहे, आम्ही कसली भोगी करणार?' असा मेसेज प्रत्येक वेळी येतो. खेंगट एका पातेल्यातच होतं, मंडळी. मंडईतून सगळ्याच भाज्या थोड्या थोड्या मागा. भाजीवाल्या मावशींना 'भोगीची' म्हटलं की त्या बरोबर मिसळून देतात. तेलात जिरं, लसूण, मग कडक भाज्या आधी, वांगी नंतर, बोरं सगळ्यात शेवटी. तिळाचा आणि शेंगदाण्याचा कूट, थोडा गूळ, मीठ, तिखट. कूट पडल्यावर पाणी आटतं, खाली लागतं, लक्ष ठेवा. भाकरी जमली नाही तर ट्रॅव्हल्सनं घरून मागवा. बाजरीची भाकरी रात्रभराच्या प्रवासात कडक होते, पण कुस्करून भाजीत घातली की तक्रार राहत नाही. भाकरी करता येणारा रूममेट असेल तर त्याला सांभाळा.

एका मुलीनं विचारलंय, घरात भाऊ आणि वडील चिठ्ठी उचलायलाच तयार नसतील तर? अनुभवानं सांगतो, आधी लहान लेकराच्या हातानं चिठ्ठ्या वाटा. सहा वर्षांच्या पोरीनं 'बाबा, तुम्हाला तुरीच्या शेंगा' म्हटलं की नाही म्हणणं अवघड जातं. आणि पहिल्या वर्षी भाकरीला गुण देताना हात सढळ ठेवा.

बास, एवढंच. भोगीच्या दिवशी ज्याची भाकरी फुगली त्यानं फोटो नको, आवाज पाठवा. भाकरी फुगताना एक बारीक आवाज येतो, तो. निवडक आवाज पुढच्या भागात लावू. एका मिनिटाच्या आतलं पाहिजे, आणि रेकॉर्ड करताना तेवढा मिक्सर बंद ठेवा.